न चाखलेल्या पाण्यावर शीळ

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही, हे आधीच लिहून टाकतो. अंबाजोगाईला बी.एस्सी. करत होतो तेव्हा आम्ही चार मित्र गावोगाव जाऊन बाबा लोकांचे ‘चमत्कार’ करून दाखवायचो, आणि मग त्यातली हातचलाखी समजावून सांगायचो. नारळातून कुंकू काढायचा मान माझा असायचा. त्यामुळे पुढचं लिहायला मला सात-आठ वर्षं लागली. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मीच त्याला दहा प्रश्न विचारून बेजार केलं असतं. ते सगळे प्रश्न मी स्वतःला विचारून झालेले आहेत.

आमचं गाव चौसाळ्यापासून आत, डोंगराच्या अंगाला. निम्मी वस्ती मेंढपाळांची. आमच्या मेंढीपालन सहकारी संस्थेचा मी सेक्रेटरी. पद ऐकायला मोठं वाटतं, पण संस्था म्हणजे एक खोली, एक कपाट आणि त्या कपाटाची माझ्या खिशातली किल्ली. माझे सख्खे मामा, धुळामामा, मला चारचौघांत मुद्दाम ‘शेक्रेटरी’ म्हणून हाक मारतात. साठीच्या पुढचा माणूस. सत्तर-ऐंशी मेंढरं आणि गजीनाचाचा फड, हे त्यांचं सगळं जग. गजी म्हणजे आमच्या लोकांचा नाच – ढोल, झांजा, पांढरे झगे, भंडारा. त्यात ओवी धरायची मामांनीच.

त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पाऊस गेला होता. चारा छावण्या उघडल्या होत्या, पण आमच्या भागातल्या छावण्या गाई-बैलांच्या. मेंढराला तिथं दावं नव्हतं. टँकर दोन दिवसांआड यायचा. बाभळीच्या शेंगा संपल्या, मग पाला संपला. मामी रोज सकाळी वाड्यातून, म्हणजे मेंढरांच्या काट्याच्या कुंपणातून, एखादं मेलेलं कोकरू बाहेर काढायची.

अशात संस्थेच्या पत्त्यावर एक पत्र आलं. कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राकाठच्या एका गावात (नाव देत नाही, माणसं भली आहेत) दरवर्षी उन्हाळ्यात पर्यटकांसाठी तीन दिवसांचा महोत्सव भरतो. पालखी नाचवतात, जाखडीचा नाच होतो, होड्या सजवतात, वाळूत शिल्पं करतात, मोदक आणि सोलकढीचे स्टॉल लागतात. बाहेरच्या जिल्ह्यातली एक लोककला पाहुणी म्हणून बोलवायची त्यांची पद्धत. त्या वर्षी त्यांना गजीनाच हवा होता. मानधनाचा आकडा तुम्हीच कळवा, असं लिहिलं होतं.

मामा म्हणाले, “पैका नको म्हणावं. त्यांच्याकडं भाताचा पेंढा लई पडून ऱ्हातो. येक ट्रक पेंढा द्या म्हणावं.”

मी तसं कळवलं. समितीच्या अध्यक्षांचा फोन आला, ते आधी हसले आणि मग हो म्हणाले. तीन संध्याकाळी तीन कार्यक्रम, चौथ्या सकाळी ट्रक. पाऊस पडेपर्यंत फक्त आमचीच नाही, वस्तीवरची सगळी मेंढरं त्या ट्रकवर जगणार होती.

इथं आमची एक रीत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मेंढरं पाण्यावर नेली की आमच्यात आधी माणूस ओंजळभर पाणी स्वतः चाखतो. गोडं आहे, नासलेलं नाही, त्यात कुणी काही कालवलेलं नाही, हे बघतो. मग शीळ घालतो. प्रत्येक घराची पाण्याची शीळ वेगळी. मामांची – एक लांब, उतरती, आणि मग दोन तुटक. ती ऐकल्याशिवाय त्यांची मेंढरं पाण्याला तोंड लावत नाहीत, मग कितीही तहानलेली असोत. न चाखलेल्या पाण्यावर शीळ घालायची नाही, हे आम्हाला चालायला लागल्यापासून शिकवतात.

जीपमध्ये अकरा माणसं आणि तीन ढोल कोंबून आम्ही रातभर प्रवास केला. आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. मी फोटोत पाहिलेला, तेवढाच. पहिल्या दिवशी दुपारी चारला, कार्यक्रमाला अजून दीड तास होता, तेव्हा मामा म्हणाले, “चल, बघून येऊ.” स्टॉल आणि मांडवाच्या पलीकडे सुरूचं बन होतं, त्याच्याही पुढे किनारा मोकळा होता. ओहोटी लागलेली. ओली, सपाट, कोरी वाळू... आणि मग पाणी.

मामा बघत राहिले. मी बडबडत होतो – भरती, ओहोटी, चंद्र, सगळं शास्त्र. ते ऐकत नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते. दोन वर्षं टँकरच्या नळीकडे बघणाऱ्या माणसाला एवढं पाणी एकदम दाखवलं, तर दुसरं काय होणार? त्यांचा हात आपोआप तोंडाकडे गेला आणि त्यांनी शीळ घातली. एक लांब, दोन तुटक.

मी हसत म्हटलं, “मामा, चाखलं का?”

त्यांचा चेहरा उतरला. पुढं जाऊन त्यांनी ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि थुंकली. ते तसेच ओल्या वाळूत खाली बसले.

“चूक झाली लेका.”

“अहो, मेंढरं कुठं आहेत इथं? पाचशे किलोमीटरवर आहेत.”

तेवढ्यात मागून, सुरूच्या बनातून, घंटा ऐकू आली. मामांच्या कळपात पुढं चालणारी काशी नावाची म्हातारी मेंढी होती, तिच्या गळ्यात एक चिरकलेली पितळी घंटा असायची. ती खणखणत नाही, खटखटते. लहानपणापासून ऐकलेला आवाज आहे, मी तो झोपेतही ओळखेन. मी वळलो. बनात कुणी नव्हतं. आवाज आमच्या अंगावरून पाण्याच्या दिशेनं गेला... आणि थांबला.

आम्ही आलो तेव्हा कोरी असलेली वाळू आता कोरी नव्हती. बनापासून पाण्यापर्यंत खुरांचे ठसे होते. दुभंगलेले, लहान, शेकड्यांनी. मामांच्या दोन्ही बाजूंनी गेलेले. पाण्यात शिरलेले. परत फिरलेला एकही नाही.

पुण्याच्या एक बाई फिरत तिथं आल्या. त्यांनी मला विचारलं, “इथे बकऱ्या चरायला आणतात का हो?” म्हणजे ठसे मला एकट्याला दिसत नव्हते. मी मोबाइलवर फोटो काढला, पण उन्हाची तिरीप आहे, नुसते खड्डे दिसतात. ज्यांच्याकडे आम्ही उतरलो होतो त्या तात्यांना नंतर विचारलं. ते म्हणाले, “आमच्याकडे मेंढ्या नाहीत हो. दमट हवा, टिकतच नाहीत.”

किनाऱ्यावर रेंज नव्हती. वर रस्त्याला, तात्यांच्या विहिरीपाशी यायची. तिथून मामीला फोन लावला.

मामी म्हणाली, “आत्ता तुमालाच लावनार हुते. मेंढरं घटकाभरापासून उठून हुबी हायत. समदी मावळतीकडं तोंड करून. टँकरचं पानी वतलं, म्या शीळ घातली, पर एक बी तोंड लावंना.”

मामांनी तिला तिचा फोन स्पीकरवर ठेवून कळपाजवळ धरायला लावला आणि स्वतः शीळ घातली. तिकडून काहीच हालचाल नाही. मी म्हटलं, ऊन लागलं असेल, सकाळी डॉक्टरांना पाठवतो. साडेपाचला मामा स्टेजवर चढले आणि नाचले. लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. ओवी धरताना त्यांचा आवाज दोनदा फाटला, ते कुणाच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं.

जेवणं झाल्यावर पुन्हा फोन केला, मेंढरं अजून प्यालेली नव्हती. मी म्हटलं, “मामा, तुमी निघा. आमी इथं कसंबी निभावतो.”

“वव्या कोन धरल? तू?” ते म्हणाले. “मी गेलो की पेंढा गेला. अन् सकाळच्या यष्टीनं मी घरी पोचस्तोवर उद्याची रात हुईल. तवर त्या उन्हात बिनपान्याचं मेंढरू जगतंय व्हय?” मग म्हणाले, “म्या हितं बोलावलंय त्यास्नी. हितूनच हाकाय लागतील.”

मला वाटलं, दोन वर्षांच्या दुष्काळानं माणूस खचला. सकाळी उजाडताच ते घोंगडी खांद्यावर टाकून निघाले, तेव्हा मी मागोमाग गेलो ते केवळ त्यांच्या काळजीनं.

ते गुडघाभर पाण्यात गेले. तोंड जमिनीकडे केलं. आणि त्यांनी हाकायला सुरुवात केली. “हुर्रर... ह्या... च्यक्‌ च्यक्‌...” काठी खाली धरून डावीउजवीकडे हलकेच टेकवत, कळपाच्या मागून चालावं तसे एकेक पाऊल बाहेर आले. मध्येच थांबले. कुणीतरी मागं रेंगाळलंय, त्याची वाट बघावी तसे. पुन्हा चालू लागले. पुढं काहीच नव्हतं, नुसती वाळू.

सकाळचे फिरायला आलेले पर्यटक जमले. मोबाइल निघाले. एकानं मला विचारलं, “सकाळीही प्रोग्राम आहे का?” मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होतो? लोक टाळ्या वाजवायला लागले. माझा मामा आपली जित्राबं मरणातून परत आणत होता आणि पन्नास माणसं टाळ्या वाजवत त्याच्या मागून चालली होती... मला रडू आवरेना. मी बाजूला होऊन चालत राहिलो.

बन ओलांडलं, चढण चढली, रस्ता आला. तात्यांची विहीर जांभ्या दगडाची, शेजारी जनावरांसाठी लांबट दगडी डोण. तात्यांच्या सूनबाई पाणी शेंदत होत्या. मामांनी त्यांना हातानंच खूण केली. त्यांनी डोण काठोकाठ भरली. मामांनी ओंजळ घेतली, प्याले, डोळे मिटून उभे राहिले. मग शीळ घातली.

आता जे लिहितो ते मी तीन हातांवरून पाहिलंय. डोणीतलं पाणी काठाकाठानं थरथरलं. दोन्ही बाजूंनी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वारा नव्हता. आणि पाणी उतरू लागलं. टाळ्या थांबल्या. सूनबाई म्हणाल्या, “डोण फुटली की काय?” त्यांनी खाली वाकून पाहिलं, जमीन कोरडी होती. त्यांनी आणखी एक कळशी ओतली, मग आणखी एक. किती ओतल्या ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

माझा फोन वाजला. मामी होती. “प्याया लागली रं. आत्ताच. समदी येकदम.”

मग म्हणाली, “पाय वले हायत समद्यांचे, गुडघ्यापोतर. वाळतंय तितं पांढरं फुटतंय.” मग फोन धरूनच ती मेंढरं मोजत गेली. शेवटी म्हणाली, “काशी न्हाई वाड्यात. दाराचं झाप लावल्यालं हाय. काल सांजच्याला हुती.”

उरलेले दोन्ही कार्यक्रम झाले. पेंढ्याचा ट्रक आमच्या जीपच्या मागोमाग आला. पाऊस पडेपर्यंत वस्तीवरचं मेंढरू जगलं. महोत्सव समितीनं आभाराचं पत्र पाठवलं, त्यात लिहिलं होतं की सकाळची मेंढपाळ फेरी पर्यटकांना सर्वांत आवडली, पुढच्या वर्षीही ठेवावी. ते पत्र कपाटात आहे. आम्ही पुन्हा गेलो नाही.

आता माझे प्रश्न. उन्हानं मेंढरं पाणी प्यायचं सोडतात, हे खरं आहे. खारवट जमिनीत बसली तर पायांना पांढरं लागतं. ठसे कुणाच्या बकऱ्यांचे असतील. काशीला लांडग्यानं नेलं असेल, किंवा माणसानं. डोणीला आतून चीर असेल. एकेका गोष्टीला उत्तर आहे. पण घंटेला नाही, आणि ही सगळी उत्तरं एकाच वेळी खरी कशी ठरली, यालाही नाही. बी.एस्सी. केलेल्या माणसाला हे कबूल करायला जड जातं, पण मला माहीत नाही.

आता पाझर तलावात पाणी असतं. मामा मेंढरं नेतात, ओंजळ चाखतात, शीळ घालतात. कळप पिऊन घराकडे वळतो. मामा मात्र मावळतीला तोंड करून आणखी एकदा शीळ घालतात आणि थांबतात. मागच्या महिन्यात मी विचारलं, “मामा, कावून थांबता रोज?”

ते म्हणाले, “मेंढरू पान्यावरनं हाकताना मोजून घ्यायचं असतंय लेका. तवा दर्यावर दिसतच न्हवती, मोजू कशी?”

मग ते थोडा वेळ उभे राहिले. मीही राहिलो.