अण्णांच्या वाट्याला आलेली बाजू

चष्मा कपाळावर चढवायचा, उजवा पंजा पुढे करायचा आणि म्हणायचं, "स्वल्प थांबा." अण्णांनी असं म्हटलं की बसवनगुडीतल्या आमच्या मराठी मंडळात भांडण थांबायचं आणि वाद सुरू व्हायचा. या दोहोंत फरक असतो, हे मला त्यांनी शिकवलं. मी बँकेतल्या बदलीवर पुण्याहून आलेला, अण्णांचा शेजारी. मला तो फरक ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

अण्णांचं घराणं बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. बायकोशी, म्हणजे आमच्या वहिनींशी मराठी, भाजीवाल्याशी कन्नड आणि रेडिओशी भांडण, असा त्यांचा दिवस जायचा. नोकरी सरकारी कारखान्यात होती.

नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. पलीकडच्या बेटावरच्या एका सशस्त्र संघटनेने आपल्या देशात येऊन मोठा घात केला होता. सरकारने तिला रीतसर दहशतवादी जाहीर करावं की नाही, यावर घरोघरी बोलणं चाले. अण्णांचं मत पक्कं होतं. त्यांनी लहानाचा मोठा केलेला पुतण्या फौजेबरोबर त्या बेटावर गेला, तो परत आलाच नाही.

"दहशतवाद्याला दहशतवादी म्हणायला सरकारची जीभ का अडखळते हो, पुणेकर?" संध्याकाळच्या फिरण्यात हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की नुसता "सरी, सरी" म्हणत कन्नडातून होकार देत चालायचो.

त्या गणपतीत मंडळाने वादविवादाला हाच विषय ठेवला. आमच्याकडे एक प्रथा होती. वक्त्याने आपली बाजू स्वतः निवडायचीच नाही. अध्यक्ष सगळ्यांदेखत नाणं उडवणार, छापा पडला तर बाजूने बोलायचं, काटा पडला तर विरोधात. अध्यक्ष म्हणजे अण्णांचा बालमित्र. त्यांनी नाणं उडवलं आणि अण्णांना काटा आला.

"दुसऱ्या कोणाला देऊ का?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"नियम म्हणजे नियम रे," म्हणत अण्णा उठले.

आणि काय बोलले! "कालपरवापर्यंत याच पोरांना आपण जेवू घातलं. आज शिक्का माराल, तो त्यांच्या बंदुकीवर बसायचा नाही. जीव मुठीत धरून इथे आलेल्या गरीब तमिळ माणसाच्या कपाळावर बसेल. आणि उद्या तह करायची वेळ आली, तर बोलणार कोणाशी?" टाळ्या थांबेनात. पहिलं बक्षीस अर्थात त्यांना. घरी येताना मात्र ते फाटकापाशी थांबून एवढंच म्हणाले, "पोराने ऐकलं असतं, तर काय म्हणाला असता हो?"

गणपती जाऊन थोडे दिवस झाले असतील. कोणीतरी कारखान्यात कळवलं, की हा माणूस त्या संघटनेची बाजू घेतो. चौकशी लागली.

अण्णा निर्धास्त होते. "सभागृह भरलेलं होतं. नाण्याचं कोणीही सांगेल."

साहेबांनी मंडळाच्या अध्यक्षांना बोलावलं. मीही आपण होऊन गेलो. पण शेजाऱ्याचं काय ऐकायचं, म्हणून मला बाहेरच बसवलं. अध्यक्ष बाहेर आले ते रुमालाने मान पुसत, आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. मागून अण्णा आले.

"नाणं उडवल्याचं त्याला आठवत नाही म्हणे. विषयाची बाजू ज्याची त्याने निवडली, असं सांगितलं त्याने."

मंडळाला वास्तूसाठी सरकारी जागा मिळायच्या बेतात होती, हे तुम्हाला सांगायला हवं. मग मी टाळ्या वाजवणाऱ्यांच्या घरी गेलो. कोणाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, कोणाची बढती अडली असती. एकाने तर आपण त्या दिवशी गावातच नव्हतो म्हणून सांगितलं. हा गृहस्थ माझ्याच शेजारी बसला होता. या लोकांचा मला आजही संताप येतो, आणि तो जाऊ नये असंच वाटतं.

अण्णांची नोकरी राहिली, पण त्यांना यशवंतपूरच्या गोदामात नेऊन बसवलं. मंडळात येणं त्यांनी सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात सरकारने त्या संघटनेवर बंदी घातली. मी पेपर घेऊन त्यांच्याकडे धावलो. त्यांनी बातमी सावकाश वाचली आणि पेपराची घडी करून परत दिला.

"बरं झालं. व्हायलाच हवं होतं." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "त्यांच्यावर शिक्का मारायला सरकारने किती विचार केला बघा. माझ्यावर मारताना आपल्या माणसांनी तेवढासुद्धा केला नाही."

दशक संपायच्या आत अण्णा गेले. मंडळाच्या नव्या वास्तूत शोकसभा झाली. वहिनींनी अध्यक्षांना आधीच विनवलं होतं, "त्या दिवशी काय झालं, ते आज तरी सांगा. दुसरं काही नको."

अध्यक्ष गहिवरून पुष्कळ बोलले. शाळेतल्या खोड्या, अण्णांचं वक्तृत्व, त्यांचा स्पष्टवक्तेपणा. तेवढं एक सोडून सगळं बोलले. मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. गप्प राहण्याचा त्यांना सराव होताच.

वहिनी उठल्या नाहीत. पदर खांद्यावर घेऊन त्या खुर्चीतच बसून राहिल्या, अध्यक्षांकडे एकटक बघत. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले होते.