काकांच्या युकुलेलीची चौथी तार

आमच्या घरी कुणी गिटारची तार पिळायला लागलं की मी उठून स्वयंपाकघरात जाते. कुकर लावते, भांडी आपटते — काहीही, पण आवाज होईल असं. मुलगी म्हणते, आईला संगीताचं वावडं आहे. नवरा हसतो. मी हसू देते. का उठते ते त्यांना ठाऊक नाही, कुणालाच नाही. तीस वर्षं मी ते ओठांच्या आत ठेवलंय. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

कुठून सुरू करू? दुकानापासून करते.

इंदूरच्या मिला एकामागून एक बंद पडत होत्या, तेव्हाची गोष्ट. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि दुपारनंतर बडा गणपतीजवळ एका वाद्यांच्या दुकानात काम करायचे. मालक शेठजी स्वतः वाद्यं दुरुस्त करत. माणूस तापट, पण कामाचा पक्का. त्यांच्याकडून मी दोन गोष्टी शिकले. पहिली रोज ऐकू यायची — "पहले सुर, फिर कैंची." तार आधी चढवायची, सुरात आणायची, मगच उरलेलं टोक कापायचं. दुसरी अशी की नायलॉनच्या तारांच्या वाद्याला पोलादी तार कधी लावायची नाही. ती दुप्पट जोराने ओढते, आणि तारा जिला बांधतात ती लाकडी घोडी वाद्याच्या पोटावरून उखडून येते. हे मला माहीत होतं. बाकी काही विसरलात तरी चालेल, पण मला माहीत होतं हे विसरू नका.

जुनी इंदूर मोहल्ल्यात आमच्या घराला लागून वामनकाकांचं घर, मधे एकच भिंत. काकांनी सव्वीस वर्षं मिलमध्ये माग चालवला. धागा चिमटीत धरून सांगायचे — हा ढिला, हा आता तुटणार. मिल बंद व्हायच्या सुमारास तिथला एक ख्रिस्ती साहेब शहर सोडून गेला आणि जाताना आपली युकुलेली काकांना देऊन गेला. गिटारची धाकटी बहीण म्हणा. नायलॉनच्या चार तारा. काका मिलच्या भजनी मंडळातले. दोन महिन्यांत त्यावर भजनं वाजवायला लागले.

एकच अडचण होती. युकुलेलीची वरची, चौथी तार जाड असेल असं आपल्याला वाटतं, पण ती असते बारीक आणि उंच सुराची. तिचा सूर इंग्रजी ‘जी’, आपला पंचम. त्यामुळे काकांना सा च्या खाली उतरताच यायचं नाही. "जिना आहे, पण पहिल्या पायरीखाली जमीनच नाही," असं ते म्हणायचे. त्यांना खालचा ‘जी’ हवा होता, मंद्र पंचम — म्हणजे त्या जागी जाड तार.

आणि ही नुसती हौस नव्हती. राजेंद्र नगरात नवी इंग्रजी शाळा निघाली होती. तिथल्या मॅडमना हे वाद्य फार आवडलं. शाळेची प्रार्थना वाजवून दाखवा, मग संगीताचे सर म्हणून घेते, म्हणाल्या. प्रार्थना दुसऱ्याच ओळीत सा च्या खाली जायची. पन्नाशीच्या गिरणी कामगाराला तेव्हा कोण विचारत होतं? त्यांच्यासाठी हे एकच दार उघडं होतं.

तार निवडायला काका तीनदा दुकानात आले. साधी जाड नायलॉनची लावून पाहिली, ती ठप्प वाजली. मग दुरुस्तीला आलेल्या एका गिटारची तार त्यांनी छेडली — नायलॉनच्या गाभ्यावर चांदीसारखी तार गुंडाळलेली. बोट सरकलं की किरकिरायची, पण सूर स्वच्छ. काकांनी डोळे मिटून ती चिमटीत धरली. "हीच पाहिजे बेटा. हिच्यात जान आहे." शेठजींनी तशी एक मुंबईहून मागवली. यायला तीन आठवडे लागले, आणि आली तेव्हा काकांना शाळेत वाजवून दाखवायला चारच दिवस उरले होते. शेठजींना उज्जैनला जायचं होतं. तू चढव, म्हणाले.

मी ती आधी कापली.

काम सुबक दिसावं म्हणून — शेठजींनी परत आल्यावर शाबासकी द्यावी म्हणून. घोडीपासून खुंटीपर्यंत माप घेतलं आणि कात्री चालवली. गाठीला आणि खुंटीवरच्या वेढ्यांना जी वीतभर लागते, ती धरलीच नाही. तार हातात आखूड होऊन लोंबत राहिली. शेठजी हाकलतील? बाबाही त्याच मिलमधून घरी बसले होते — नाही, हे सांगितलं तर तुम्हाला माझी दया येईल. ते राहू द्या.

खालच्या खणात गिटारच्या पोलादी तारा होत्या. त्यातली चौथी दिसायला हुबेहूब तशीच. फक्त तिच्या टोकाला पितळी मणी असतो, त्यावरून ओळखू येते. मी पक्कड घेतली आणि मणी तोडला. कात्री घाईत चालते हो. मणी तोडायला डोकं शांत लागतं.

संध्याकाळी काका आले. तारेवर अंगठा ठेवला आणि थांबले. "अगं बेटा, जरा कडक लागून राहिली आहे ही."

"नवीन आहे ना काका. दोन दिवसांत बसेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे. हसले. "मिल बंद, तर हात पण बंद पडले वाटतं."

पुढचे चार दिवस मी त्या भिंतीला कान लावून काढले. काका खुंटी पिळायचे, सूर चढत जायचा, आणि मी वाट बघायचे — आता? आता? काहीच व्हायचं नाही. उलट प्रार्थना इतकी गोड उतरायची की आई पोळ्या लाटता लाटता थांबायची. तिसऱ्या दिवशी काकांनी कौतुकाने वाद्य माझ्या मांडीवर ठेवलं. घोडीच्या मागे केसाएवढी फट पडली होती. कागद सरकला असता. मी ती पाहिली, हो. तोंड उघडलंही. आणि म्हणाले, "छान वाजतंय काका."

शाळेत नेमक्या दुसऱ्या ओळीला घोडी उखडली. मुलं हसली. मॅडमनी चहा दिला, आणि पुढच्या आठवड्यात कीबोर्ड वाजवणाऱ्या एका तरुणाला घेतलं.

काका सायंकाळी आमच्याकडे आले तेव्हा माझ्या मनात एकच भीती होती. ते वाद्य शेठजींकडे नेतील, शेठजी एका नजरेत तार ओळखतील. पण काका म्हणाले, तारबीर तिथेच टाकून आलो. आता दुरुस्त काय करायचं, राहू दे. आणि मग मलाच म्हणाले, "तू मनाला लावून नको घेऊ हां. तू चांगली लावली होती. मीच जास्त पिळली. माझ्या हाताला आता कळत नाही."

मला काय वाटलं, ते सांगायलाच ही सगळी धडपड. मला हायसं वाटलं. त्या रात्री मी पोटभर जेवले.

काका पुढे एका कॉलनीच्या फाटकावर चौकीदार म्हणून बसू लागले. युकुलेली कपाटावर गेली ती गेलीच. सुईत दोरा ओवायचा तरी काकूंना हाक मारायचे. कुणाच्या लग्नात कुणी पेटी पुढे सरकवली की हात मागे घेऊन इंदुरी थाटात म्हणायचे, "नाही भिया, हाताला आता कळत नाही." मी तिथेच असायचे, पंगतीत, दोन माणसं सोडून. खाली मान घालून जेवायचे.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. मी दहाव्याला गेले होते, काकूंजवळ बसले, आणि तिथेही बोलले नाही.

तार कडकच होती. काकांच्या हाताला बरोबर कळलं होतं.