मोहाखाली गप्प बसणारी कमळा

रंभा भित्री होती, उगाच कशाला लपवायचं! बल्लारपुरात रेल्वेच्या रुळांजवळ वाढलेली पोर लग्न होऊन आरमोरीकडच्या जंगलाकाठच्या गावात येऊन पडली. आल्याच वर्षी तिने अस्वलाने फाडलेला गावातल्या मंगरूचा चेहरा पाहिला आणि जंगलाची जी धास्ती घेतली ती घेतलीच. पण मोहफुलं वेचल्याशिवाय घर चालत नव्हतं, आणि अस्वलालाही तीच फुलं आवडतात. म्हणून लेक कमळा झाल्यापासून रंभा तिला फडक्यात पाठीशी बांधून झाडाखाली न्यायची, आणि पोरीने जरा हूं की चूं केलं की तिच्या तोंडावर हात. "गप, माय. अस्वल येते."

तीन वर्षं उलटली तरी कमळाच्या तोंडून शब्द नाही. शेजारचा बिरजू तिच्याहून लहान. वर्षाचा झाला तसा 'आई', 'बा' म्हणायला लागला, पुढच्या वर्षी 'पाणी दे', आणि आता दिवसभर 'काऊन? काऊन?' विचारून घरच्यांचं डोकं उठवायचा. त्याची टकळी ऐकली की रंभा कमळाला उचलून घरात न्यायची. बरं, कमळा बहिरी म्हणावी तर तसंही नाही. पाण्याचा गडवा आण म्हटलं की आणायची, हाक मारली की वळून बघायची.

शेवटी सासू गुणाबाईने फर्मान काढलं. "पोरीची जीभ खालून चिकटली हाये. सोमवारी सुईण येते, पातं लावून मोकळी करते. नाई त जन्माची मुकी राहीन. मंग कोण करन तिले?"

"बुढी सांगते तसं होऊ दे," नवरा वारलू म्हणाला आणि बैल सोडायला निघून गेला. झालं, बापाचं काम संपलं! रंभाला मात्र पात्याचीही भीती आणि मुकेपणाचीही.

सुईण यायच्या आदल्या सकाळी ती फुलं वेचत होती. कमळा बुंध्याशी बसलेली. रंभाने सहज वळून पाहिलं. पोरीने आपलाच तळहात तोंडावर घट्ट दाबून धरला होता, डोळे विस्फारलेले. समोरच्या झुडपात काहीतरी काळं हलत होतं.

रंभाचाही हात आपल्याच तोंडावर गेला. तेवढ्यात टोल्यावरच्या गोंडवस्तीतली सुकरी टोपली बडवत, "हो! हो! हो!" करत पलीकडून आली, आणि ते काळं धूड पाला तुडवत पळालं.

"चुपचाप काऊन बसता वो, बाई?" सुकरी खेकसली. "आवाज केला त जनावर आपणच वाट सोडते. चुपचाप माणूस एकदम समोर दिसला की दचकून अंगावर येते. आमचे लेकरं त जंगलात नुसता कल्ला करतात."

रंभाने कमळाचा हात तिच्या तोंडावरून काढला. अरे देवा, जीभ कुठली चिकटली! पोर बोलायला जायची तेव्हा आपणच तिचं तोंड दाबत आलो. पण हे घरी सांगितलं असतं तर कोणी ऐकलं असतं?

सोमवारी सुईण दारात यायच्या आधीच तिने कमळाला काखोटीला मारलं आणि जंगल गाठलं. घरी काय रामायण होईल ते होवो. मोहाखाली उभी राहून तिने तोंड उघडलं. आधी नुसती हवाच निघाली. मग फाटका, थरथरता आवाज: "हो! हो!"

कमळा घाबरली. आईचं लुगडं ओढू लागली, मांडीला बिलगून रडवेली झाली. रंभा ओरडतच राहिली.

आणि मग खालून एक बारीकसा आवाज आला. "हो."

त्याच वेळी समोरच्या झुडपात वाळला पाला खसखसला. रंभाचा हात पोरीच्या तोंडाकडे गेला, पण तिने तो मागे घेतला.

"वरड, माय," ती कशीबशी म्हणाली. "आणखी वरड."