आईने हवेत धरलेल्या जागा

एस.टी.त जागा धरण्याच्या कामात समुद्रपूर तालुक्यात माझ्या आईचा हात कुणी धरू शकत नाही.

आमची पद्धत मी लहान असल्यापासून ठरलेली आहे. गाडी फलाटाला लागली की मी दारात दोन्ही हात पसरून गर्दीला पाठ द्यायची, किंवा गर्दी फारच असेल तर तोंड द्यायचं. आईने माझ्या काखेखालून आत शिरायचं, सीटच्या मधोमध बसायचं, एका बाजूला पिशवी ठेवायची आणि दुसऱ्या बाजूला शाल पसरायची. मग कुणीही येवो, खिडकीबाहेर बघत एकच वाक्य बोलायचं: "मानूस येऊन राह्यला." या पद्धतीने आम्ही वर्ध्याला, हिंगणघाटला, गिरडच्या यात्रेला, झाडून सगळ्या लग्नांना आणि दोन-तीनदा दवाखान्यातही बसून गेलो आहोत. पद्धतीत काहीही खोट नाही, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. खोट माझ्यात आहे. मी ती बर्फाच्या डोंगरावर वापरली.

बर्फाच्या डोंगरावर आम्ही गेलो ते आईच्या इच्छेखातर. निदान मी सगळ्यांना तसं सांगितलं होतं. माझं समुद्रपूरला रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर दुकान बंद ठेवून हिमाचलला जायचं तर काहीतरी भारदस्त कारण हवं. आई एकदा टीव्ही बघता बघता म्हणाली होती, "बर्फ लय पांढरं दिसते, नाई?" तेवढं मला पुरलं. वर्ध्याच्या ताईला मात्र पुरलं नाही.

"आईचं वय काय अन् तू तिले कुठं नेऊन राह्यला?" ताईने फोनवर विचारलं.

"तिची इच्छा हाये."

"तिले बर्फच पाह्यचा असन तर माह्या फ्रीजमंधी हाये. वसंता, आई जशी नेली तशी वापस पाह्यजे मले. खरचटली जरी, तरी माह्या दारात पाय ठेवू नोको."

मी शब्द दिला. आईला जशीच्या तशी परत आणीन. आगगाडीत, बसमध्ये, हॉटेलच्या जिन्यावर, सगळीकडे मी तिचा दंड धरून होतो. इतका, की बायको म्हणाली, "अवो सोडा जरासाक. त्यायच्या हाताले वळ येतीन, अन् तोच ताईले दिसन."

त्या डोंगराचं नाव सांगत नाही. चूक डोंगराची नव्हती. बर्फावरून घसरत खाली येणारी मंडळी पुन्हा वर जायला जी पाळण्याची दोरी वापरतात, तिच्यात साध्या माणसांनाही बसता येत होतं. जाड तारेला लटकलेली चार माणसांची बाकं. बाकाला दार नाही, काच नाही, पायाखाली फळी नाही. बसलं की डोक्यावरचा एक दांडा पुढे ओढून घ्यायचा. हे सगळं तिथल्या फलकावर लिहिलेलं होतं. मी फलक वाचला नाही, कारण मी गर्दी मोजत होतो.

गर्दी पाहिली की माझ्यातला प्रवासी जागा होतो. आमच्या मागे एक मोठा ग्रुप होता, सगळे धट्टेकट्टे, सगळे पुढे सरकणारे. बाक चार जणांचं, आम्ही तिघं. म्हणजे त्यांच्यातला एक जण घुसणार, मग त्याच्यासोबत त्याची बायको घुसणार, आणि माझी बायको मागे राहणार. मी आईच्या कानाशी लागलो.

"आई, तू पुढे हो. जागा धर. मी अन् सुनंदा मागून येतो."

"धरते," आई म्हणाली. भाड्याचा नारिंगी कोट, त्याखाली लुगडं, त्याखाली गमबूट, अशा अवतारातही तिने पिशवी काखेला मारली आणि पदर खोचला.

तिथल्या माणसाने म्हातारी बाई बघून बाकाचा वेग कमी केला. अगदी हळू झालं ते. मला वाटलं, गाडी लागली. मी लगेच वळलो, गर्दीकडे तोंड केलं आणि दोन्ही हात पसरले.

"लेडीज है, लेडीज है," मी म्हणालो.

ग्रुप थांबला. मला समाधान वाटलं. हिमाचलातही आपली पद्धत चालते.

"अवो," मागून बायको म्हणाली, "आई चालल्या."

"जागा धरून राह्यली ती."

"जागाच चालली, अवो."

मी वळून पाहिलं. जिथे आई असायला हवी होती, तिथे माझ्या डोळ्यांच्या उंचीवर आईचे गमबूट होते. आणि ते वर जात होते.

यापुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते असं, की मी "आई" म्हणून ओरडलो, बायकोने माझी कॉलर धरली, मागून आलेल्या रिकाम्या बाकाने आमच्या गुडघ्यांत हाणलं आणि आम्ही बसलो. बसलो म्हणजे पडलो, पण बाकावर पडलो. बायकोने दांडा खाली ओढला. मी तो दोन्ही हातांनी आवळला. पायाखालची जमीन आधी हातभर खाली गेली, मग माणूसभर, मग देवदाराची झाडं खाली गेली, आणि मी खाली बघणं बंद केलं.

समोर बघितलं, तर ते त्याहून वाईट होतं.

पुढच्या बाकावर मधोमध आई बसली होती. एका बाजूला पिशवी, दुसऱ्या बाजूला पसरलेली शाल. आणि तिचा दांडा वरच्या वर उभा होता. माझी आई, जिच्यासाठी मी शब्द दिला होता, ती दरीवर उघड्या बाकावर बसली होती, जशी आमच्या ओट्यावर बसते.

"आई, दांडा खाली ओढ," मी ओरडलो.

"कोनता दांडा?"

"डोक्यावरचा!"

आईने वर पाहिलं. तिच्या डोक्यावर दोन दांडे होते: एक ओढायचा, आणि दुसरा, ज्याला बाक लटकलं होतं. तिने दुसरा निवडला. त्याला हात लावून तिने जरा अंदाज घेतला.

"अबे वसंता, याच्यावर तं सारं लटकून राह्यलं. हा कायले वढू?"

"तो नाई, तो नोको वढू! दुसरा!"

"एक काहीतरी सांग," आई म्हणाली, आणि मागे वळून बघायला लागली. वळली म्हणजे कंबरेतून पूर्ण वळली. बाक हललं. आईने आम्हाला नीट न्याहाळलं आणि तिचा चेहरा उजळला.

"तुमाले जागा भेटली का?"

"भेटली, भेटली. तू समोर पाह्य."

"मी इथं धरली होती न तुमच्यासाठी. कोनीच नाई आलं." आणि तिने पसरलेली शाल गोळा करायला घेतली. "अजून बी हाये जागा. या इकडे."

त्याच क्षणी पाळणा थांबला.

का थांबला ते मला आजही माहीत नाही. खाली कुणी घसरून पडलं असेल. आम्ही लटकलो. तार कुरकुरली. वारा सुटला आणि दोन्ही बाकं झुलू लागली, आमचं एकीकडे, आईचं दुसरीकडे. भीतीने माणसाच्या तोंडून देवाचं नाव येतं म्हणतात. माझ्या तोंडून खरं आलं.

"सुनंदा," मी डोळे मिटून म्हणालो, "आईची काही इच्छा-बिच्छा नव्हती. माहीच होती. मलेच बर्फ पाह्यचा होता."

"मले मालूम हाये."

"कधीपासून?"

"तिकिटं काढल्यापासून. आईले बी मालूम हाये. खाली पाहू नका."

आणि माझ्या खिशात फोन वाजला.

हात सोडायचा प्रश्नच नव्हता. बायकोने माझ्या खिशातून फोन काढला, पाहिला आणि म्हणाली, "ताई हायेत."

"उचलू नोको."

"नाई उचलला तं पोलिसात जातीन त्या." तिने उचलला. "हो ताई. हो, पोचलो. आई? आमच्या पुढंच हायेत." (खरं होतं.) "नाई, गर्दी नाई, एकट्याच बसल्या, ऐसपैस." (तेही खरं.) "पाय? नाई बाप्पा, पायावर बिल्कुल भार नाई त्यायच्या." (याहून खरं काय असणार.) "हे ना? हे बसून हायेत. जरासं बोलता येऊन नाई राह्यलं. हो, थंडी लय हाये."

ताई माझ्याशी बोलायचं म्हणत होती. बायकोने फोन माझ्या कानाला लावला.

"वसंता," ताई म्हणाली, "आईचा हात धरून हायेस न?"

मी काहीतरी आवाज काढला. ताईने तो होकार समजून फोन ठेवला. इतकं अपराधी मला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं, आणि आयुष्यभर मला बऱ्यापैकी अपराधीच वाटत आलेलं आहे.

दरम्यान आईने स्वतःची सोय लावली होती. खाली जाणारी बाकं आमच्या शेजारूनच येत होती, आणि पाळणा थांबला तेव्हा तिच्या अगदी समोर एक माकडटोपीवाले गृहस्थ लटकले होते. आईने त्यांना हाक मारली.

"भैया, वो पीछे हमारा लडका है. क्या चिल्लाके राह्यला, जरा पूछो ना उसको."

त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी आईच्या डोक्याकडे खूण केली. ते भले निघाले.

"माताजी, आप के सिर के ऊपर जो आगेवाला डंडा है, उसको धीरे से नीचे खींच लीजिए. हाँ, वही. बस."

दांडा खाली आला. आईने तो दोनदा हलवून पाहिला, त्यावर पिशवी अडकवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "असं सांगाव न माणसानं. पाह्य, ते किती शांत सांगते."

पाळणा सुरू झाला. वर जाईपर्यंत मी आईच्या पाठीवरून नजर काढली नाही. शेवटी लाकडी फलाट आला. तिथल्या दोघांनी आईचं बाक हळू केलं, एकाने दांडा उचलला, दुसऱ्याने दंड धरला, आणि आई दोन पावलं टाकून बाजूला उभी राहिली. पिशवी घेऊन, शाल घेऊन, जशीच्या तशी. खरचटलीसुद्धा नव्हती. माझ्या अंगातून सगळा जीव सुटल्यासारखा झाला.

अडचण अशी झाली, की जीव सुटला, पण हात सुटले नाहीत.

"उतरा," बायको म्हणाली आणि तिने दांडा वर ढकलला. दांड्यासोबत माझे हातही वर गेले. "अवो सोडा न तो." मी सोडायचा प्रयत्न करत होतो. बोटं माझी होती, पण ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. फलाट संपत आला. बायको टुणकन उतरली. मी दोन्ही हात वर करून, शरण आल्यासारखा, बसून राहिलो. बाक मोठ्या चाकाला वळसा घालून निघालं.

आईच्या समोरून, चार हातांवरून, मी गेलो.

"अबे वसंता, कुठं चालला?"

"खाली."

"आत्ता तं आला. काऊन चालला?"

मागून कुणीतरी "डंडा, भाईसाब, डंडा" म्हणून ओरडलं, तेव्हा मी तो पोटाशी ओढून घेतला.

जाताना निदान डोंगर समोर असतो. येताना समोर काहीच नसतं. सगळी दरी तोंड उघडून समोर होती आणि मी तिच्यात पाय सोडून निघालो होतो. बर्फ भरपूर दिसला असणार. मी पाहिला नाही. डोळे उघडले की वर येणारी बाकं दिसत. त्यांतली माणसं माझ्याकडे आधी कुतूहलाने, मग काळजीने बघत. तो अडवलेला ग्रुप आता आरामात वर चालला होता. त्यांच्यातली एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "अरे, वो लेडीज वाले अंकल वापस जा रहे हैं." त्या सगळ्यांनी मला हात केला. मला हात करता आला नाही.

खालचा फलाट दिसला तेव्हा मी ठरवलं, की उतरल्याबरोबर वरच्या लोकांना निरोप धाडायचा: माझी म्हातारी आई वर आहे, घाबरली असेल, तिला कुणीतरी सांभाळा. शब्दसुद्धा जुळवून ठेवले. पण माझं बाक येण्याआधीच खालच्या माणसाने पाळणा अगदी गोगलगायीसारखा केला होता. त्याच्या कानाला फोन होता आणि तो आलेला प्रत्येक चेहरा तपासत होता. माझ्यापाशी आल्यावर तो थांबला.

"ऊपर से माताजी का मैसेज है," तो म्हणाला. "उनका बच्चा गलती से नीचे चला गया है. नीला कोट है. बहुत डरता है, खुद से उतर नहीं पाएगा." मग त्याने माझ्या पिकलेल्या मिशांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आप वसंता हैं?"

"जी," मी म्हणालो.

त्याने माझी बोटं एकेक करून दांड्यावरून सोडवली. दोन्ही काखांत हात घालून मला उचललं आणि जमिनीवर ठेवलं. मग फोनवर म्हणाला, "मिल गया, माताजी. ठीक है. नहीं, चोट नहीं लगी." आणि मला एका बाकड्यावर बसवून, माझ्या कोटाचं वरचं बटण लावत त्याने बजावलं, "माताजी लेने आ रही हैं. तब तक यहीं बैठना है. कहीं जाना नहीं."

मी कुठेही गेलो नाही.