मामांचा प्लास्टरचा पिंड

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कसा असेल? मामांच्या पिक्चरमध्ये पांढरी चादर पांघरून भूत मीच व्हायचो... आणि मला बघून पब्लिक खिदळायची.

मामा औरंगाबादेत स्वस्तातले भुताचे पिक्चर काढायचे. पिक्चर यथातथाच, पण जाहिरात बघावी तर मामांची! टॉकीजच्या दारात पत्रावळीवर पिंड मांडायचे, वर पाटी — 'इच्छा अपुरी... कावळा शिवत नाही!' शिवणार कसा? पिंड प्लास्टर ऑफ पॅरिसचा. मामींना हा चावटपणा बिलकुल पसंत नव्हता. मामा मात्र प्रत्येक खेळाला मागच्या भिंतीला टेकून एका किंकाळीची वाट बघायचे. ती कधी आलीच नाही. उलट सगळ्यात मोठ्यानं हसायच्या त्या मामीच.

मामा गेले. दहाव्याला आम्ही पैठणला घाटावर गेलो. पिंड मांडला, कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. मी म्हणालो, "मामा, अर्धा राहिलेला पिक्चर मी पुरा करतो." छे! मामी रडकुंडीला आल्या.

"पिंडाची थट्टा नका करू म्हणत होते मी. अडकले ना आता तिथंच!" मग हात जोडून पुढं झाल्या. "अहो, लई भ्यायची मी तुमच्या पिक्चरला. खरंच!"

कावळे जागचे हलले नाहीत. मामींना खोटं बोलता येत नाही, हे मामांना ठाऊक होतंच. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

"उमरभर नकली केलं, शेवटपण नकलीच," मामी म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

दुपारी पुंडलिकनगरला घरी आलो. प्लास्टरचा तो पिंड शोकेसमध्ये असायचा, कुलपात. किल्ली मामींच्या कमरेला. मामांचा फोटो आत ठेवायला त्यांनी कुलूप काढून काच सरकवली... आणि अशी किंकाळी फोडली की शेजारी धावत आले.

पिंडाला चोच मारलेली होती. चांगला लचका तोडलेला, खाली पांढरा भुगा.

मामी मटकन खाली बसल्या. आणि एकदम हसायलाच लागल्या. "भ्याले हो... आता खरंच भ्याले."

तशाच उठून त्यांनी अंगणातल्या भिंतीवर भाताचा गोळा ठेवला. हात मागं घ्यायच्या आत कावळा शिवला.

काचेला साधा तडाही नव्हता. उंदीर म्हणावा, तर तो कुलूपबंद कपाटात शिरला कुठून? मला आजही उलगडा झालेला नाही. मामींना विचारलं तर म्हणतात, "राहू दे रे. एवढ्या वर्षांनी जमलं त्यांना."