घाट उतरणारी नलूआत्या

नलूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी हडपसरच्या ऑफिसात होतो. फोन खुद्द अप्पांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा. "नलू गेली. सावकाश ये, गाडी हाणू नकोस," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. महिना उलटला आता... तरी सासवड रस्त्याला लागलं की वाटतं, पुढच्या गाडीत तीच असणार, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, मागच्या हॉर्नला अजिबात भीक न घालता.

कॉलेजात असताना मी हडपसरला त्यांच्याकडेच राहायचो. आत्या सासवडच्या शाळेत गणित शिकवायची, अप्पा हडपसरला कारखान्यात फोरमन. बँका नुकत्याच आपल्यासारख्यांनाही कर्ज द्यायला लागल्या होत्या. अप्पांनी हौसेनं एक जुनी गाडी घेतली आणि वर्ष होतंय तोच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. वाचा आणि स्वभाव मात्र शाबूत राहिला. नोकरी सुटली. घर आत्याच्या पगारावर आलं आणि अप्पांना घरी एकटं ठेवण्याची सोय नव्हती. आत्यानं ठरवलं, गाडी आपण शिकायची आणि अप्पांना शेजारी बसवून रोज शाळेत न्यायचं. पन्नाशीला आलेली बाई शिकली, लायसन्स काढलं, मुख्याध्यापिकेकडून ग्रंथालयात अप्पांसाठी खुर्ची मिळवली. नातेवाईक हसले. तिला हसणाऱ्यांची यादी करायला वेळ नव्हता.

मग ब्रेकनं दगा द्यायला सुरुवात केली. दुपारी दिवे घाट उतरताना पेडल मऊ पडायचं, ओल्या स्पंजावर पाय ठेवल्यासारखं खाली जायचं. ती गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून, पेडल पुन्हा पुन्हा मारत कशीबशी खाली यायची. अप्पांचे धाकटे भाऊ घरी आले आणि गाडी विका, नोकरी सोडा, हा हट्ट पुरे, असं समजावून गेले. आत्या म्हणाली, "हट्ट नाही भाऊजी, पगार आहे तो." तिच्याकडे दुसरा पर्याय खरंच नव्हता.

गल्लीतल्या मेकॅनिकनं सगळं तपासलं. गळती नाही, पाइप ठीक, लायनर ठीक. आत अडकलेली हवा त्यानं दोनदा काढली. गल्लीत पेडल टणक लागायचं आणि घाटात पुन्हा तेच. आत्यानं मग गणिताच्या बाईंसारखा विचार केला. सकाळी होत नाही, चढताना होत नाही, गावात होत नाही. उतरून उतरून ब्रेक तापले की होतं. म्हणजे दोष तापण्याशी बांधलेला. ब्रेक ऑइल तापलं की काय होतं, असं तिनं मेकॅनिकला विचारलं. चांगलं असेल तर काही होत नाही, तो म्हणाला. मग आपण घातलेलं चांगलं नव्हतं का? मेकॅनिक अप्पांकडे बघायला लागला.

त्याचं असं होतं की अप्पांचा कुठल्याही गॅरेजवर विश्वास नव्हता. ऑइल आपलंच वापरायचं, हा त्यांचा नियम. मोठा डबा घेतला की उरलेलं टाकून कशाला द्यायचं, म्हणून तो अर्धा डबा सैल झाकणानिशी न्हाणीघराच्या माळ्यावर अख्खा पावसाळा बसला होता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, उघडं मीठ घेतं तसं. घाटात तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. आधी सर्व्हिसिंगला आणि मग हवा काढताना दोन्ही वेळा अप्पांनी त्याच डब्यातलं ऑइल दिलं होतं आणि वयाचा मान राखून मेकॅनिकनं ते घातलं होतं. आत्यानं डबा खाली काढला. "अहो, हा गेला," म्हणाली. त्या दिवशी अप्पांनी जेवणाचं ताट तसंच सारलं. मला त्यांची फार दया आली. आत्यानं समजूत वगैरे काढली नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक सीलबंद डबा घेऊन आला. जुनं ऑइल सगळं बाहेर ढकलायचं, म्हणजे एकानं पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकामागचा स्क्रू उघडायचा. मी पुढे झालो तर आत्यानं मला बाजूला केलं आणि अप्पांना म्हणाली, "तुमचा उजवा पाय काय नुसता चपलेसाठी ठेवलाय?"

आम्ही त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. आजारानंतर पहिल्यांदाच. आत्या मेकॅनिकजवळ पान्हा घेऊन चाकाशी बसली. ती सांगेल तसं अप्पा दाबत होते, धरून ठेवत होते, घामाघूम होत होते. एकेका चाकातून काळपट ऑइल जाऊन स्वच्छ ऑइल यायला लागलं. शेवटच्या चाकानंतर अप्पांनी पेडल पुन्हा दाबून पाहिलं. "लागला," म्हणाले आणि रडायला लागले. मीही रडलो. आत्या हात धुवायला गेली.

त्या रविवारी तिनं भाऊजींना मागं बसवून अख्खा दिवे घाट उतरवला. खाली आल्यावर गाडी विकण्याचा विषय त्यांनी काढला नाही, उसाचा रस मात्र दोन ग्लास प्यायले. पुढे निवृत्तीपर्यंत ती रोज तो घाट उतरली.

परवा तिची पुस्तकं शाळेला द्यायला अप्पांना घेऊन सासवडला गेलो होतो. परतताना घाटात पाहिलं, तर प्रत्येक वळणाआधी त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर घट्ट दाबला जात होता. मी म्हटलं, "अप्पा, ब्रेक माझ्याकडे आहे."

"माहीत आहे रे," ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "पण नलू म्हणायची, तुम्हीही दाबत चला... मला धीर येतो."

पुढच्या वळणावर मी त्यांच्या पायाकडे बघितलं. तो दाबला गेला, आणि मग मी ब्रेक लावला.