खांडेनवमीची रायफल

निर्माल्य गोळा करताना अरुणाताईंच्या हाती झेंडूचं ते फूल आलं आणि त्या बसल्या जागी गार पडल्या. देठ उघडा होता. त्याला गुंडाळलेला वातीचा कापूस नव्हता.

काल खांडेनवमी. कॅनडातल्या किचनर गावच्या त्या घरात त्या दिवशी शिवणयंत्रापासून बर्फ उपसायच्या शोव्हलपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागे, आणि मग दिवसभर कशालाही हात लावायचा नाही, असा ताईंचा दंडक. यंदा पाटावर मधोमध त्यांच्या यजमानांची, हेमचंद्ररावांची रायफल होती. दुसऱ्या महायुद्धातली, लष्कराने मोडीत काढलेली. रिटायर झाल्यावर त्यांना नेमबाजीचा नाद लागला होता. हरणावर कधी नाही, कागदावरच. पण अलीकडे गोळ्या कागद सोडून भलतीकडे जात. क्लबातले मित्र म्हणत, चष्मा बदल. हे म्हणत, नळी झिजलीय. उन्हाळाभर बेसमेंटमध्ये खपून त्यांनी जुनी नळी उतरवली, नवी बसवली. किचनमधला नळ वर्षभर गळतोय, पण ह्यांची नळी आधी, असं ताई येईल त्याला सांगत.

पहिला बार दसऱ्यालाच काढायचा, हा मुहूर्तही ताईंचाच. पूजेत फूल सारखं घरंगळत होतं. म्हणून त्यांनी देठाला कापूस गुंडाळून ते नळीच्या तोंडात घट्ट बसवलं होतं. सकाळी हेमचंद्ररावांनी फूल उपसून ताम्हनात ठेवलं, रायफल पेटीत घातली आणि नेमबाजीच्या रेंजवर गेले. नळी त्यांनी अष्टमीला लखलखीत पुसून तपासली होती. त्यानंतर तिला हात लावायला बंदी होती.

आणि नळी बसवताना तेच बोलले होते. आत एवढंसं काही अडकलं तरी ती फुटते, आणि फुटते ती आपल्या तोंडापाशी.

ताईंनी फोन लावला. वाजत राहिला. रेंजवर फोन गाडीतच ठेवायचा असतो. पुन्हा लावला. मग देवापुढचा दिवा तसाच ठेवून त्यांनी किल्ली उचलली. गावाबाहेर त्या एकट्या कधी गाडी चालवत नसत. शेतांमधल्या अरुंद रस्त्यावर पुढे मोटार न वापरणाऱ्या तिथल्या जुन्या पंथाच्या शेतकऱ्यांची घोड्याची बग्गी लागली. ओव्हरटेक करायचा धीर होईना. घोडा आपल्या चालीने चालला होता आणि ताईंचा जप त्याच्या टापांपुढे पळत होता. दत्तगुरू, माझ्या हातून हे व्हायला नको.

रेंजच्या फाटकाशी गाडी तिरकीच थांबली. आत धडाधड बार चालले होते. ह्यातला त्यांचा कुठला? कानांवर आवाज अडवणारे मफ चढवलेले हेमचंद्रराव लांब, पाठमोरे, टेबलावर ओणवे दिसले. हाक ऐकू जाणार नव्हती. लाल टोपीतला म्हातारा गोरा देखरेखीला उभा होता. ताईंनी त्याचा दंडच धरला.

“स्टॉप माय हजबंड. कॉटन इनसाइड.”

त्याने प्रश्न विचारला नाही, शिट्टी फुंकली. सगळ्यांनी हात वर घेतले. हेमचंद्रराव मफ उतरवून वळले आणि पैठणीतल्या, पायात बाथरूम-स्लिपर घातलेल्या बायकोकडे बघत राहिले.

“अहो, फुलाचा कापूस,” त्या म्हणाल्या. “आत राहिलाय.”

रायफल भरलेली होती. त्यांनी गोळी बाहेर काढली, नळी उजेडाकडे धरली. पलीकडचा उजेड दिसेना. त्यांचा चेहरा असा उतरलेला ताईंनी कधी पाहिला नव्हता. नळी पुसायच्या गजाने ढकलल्यावर बोळा टेबलावर पडला, एका अंगाने हळदीने पिवळा.

हेमचंद्ररावांनी तो उचलून चिमटीत धरला. मग म्हणाले, “न बघता भरली मी. पन्नास जणांना शिकवलंय, आधी आत बघा.”

“तुम्हाला हात लावू दिला नाही मी.”

“आज लावता आला असता.”

घरी चला, असं ताईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनी त्या म्हाताऱ्याकडून कानांचे मफ मागून घेतले. “पुन्हा बघा,” त्या म्हणाल्या. हेमचंद्ररावांनी पाहिलं. मग ताईंनाही पाहायला लावलं. नळीच्या टोकाशी उजेडाचा स्वच्छ गोल ठिपका होता.

ताई मागे जाऊन उभ्या राहिल्या, डोळे मिटून. बार झाला. त्यांनी मफ काढले, पण लगेच डोळे उघडले नाहीत. आधी हेमचंद्ररावांचं खोकणं ऐकू आलं, रोजच्यासारखं, आणि मगच उघडले.